आधी पाऊल, मग उमेद



'करमत नाही' हा आपल्या मराठीतला रोजच्या वापरातला शब्द आहे. नवी सून सासरी आली की पहिले काही दिवस म्हणते, करमत नाही. मुलगा शिकायला पुण्याला गेला की आई म्हणते, घर खायला उठतं, करमत नाही. आमच्या घरात दखनी बोलली जाते, तिथे यालाच 'जी नै लगता' म्हणतात. भाषा कोणतीही असो, हे वाटणे माणसाच्या जातीला नवे नाही. चार-आठ दिवस जातात, एखादा पाहुणा येतो, पेरणीची घाई सुरू होते, सण येतो आणि करमू लागते.

काही माणसांचे 'करमत नाही' मात्र संपत नाही. सण येतो आणि जातो, पाऊस पडतो, मुलाला नोकरी लागते, तरी त्या माणसाच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. पहाटे तीनला जाग येते, मग डोळा लागत नाही. भाकरी समोर येते, पण घास फिरतो. पूर्वी बाजाराच्या दिवशी पहाटे उठून जनावरांच्या बाजारात हिंडणारा माणूस आता घराचा उंबरा ओलांडत नाही. घरचे म्हणतात, आळशी झालाय. शेजारी म्हणतात, बाहेरचं काहीतरी दिसतंय. तो स्वतः म्हणतो, माझा कुणाला काही उपयोग राहिला नाही. या अवस्थेला वैद्यकशास्त्र नैराश्य म्हणते. इंग्रजीतला 'डिप्रेशन' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही पोचला आहे. नाव पोचले, पण त्यामागचे ज्ञान तेवढे पोचलेले नाही. आज त्याबद्दल बोलायचे आहे.

मी कविता लिहिणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. आम्हा कवी मंडळींचे उदासीशी जुने नाते. मराठी कविता घ्या की उर्दू गझल, उदासीला आम्ही शाल पांघरून मानाच्या जागी बसवले आहे. म्हणूनच एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. कवितेतली उदासी आणि आजारातले नैराश्य या दोन वेगळ्या वस्तू आहेत. उदास कविता लिहायलाही अंगात बळ लागते, शब्दांची ओढ लागते. नैराश्य ती ओढच काढून घेते. ज्याला हा आजार होतो त्याला दुःखाचे गाणे सुचत नाही, त्याला पत्राचे पाकीट फोडण्याचाही कंटाळा येतो.

दुःख आणि आजार

दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? डॉक्टरांची एक साधी मोजपट्टी आहे. मन सतत खिन्न असणे किंवा कशातच गोडी न वाटणे, या दोहोंपैकी एक गोष्ट असायलाच हवी. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक किंवा वजन बदलणे, सारखा थकवा, हालचाल मंदावणे किंवा उगाच तगमग होणे, लक्ष न लागणे, स्वतःला नालायक किंवा अपराधी समजणे, मरणाचे विचार येणे अशी लक्षणे असतात. अशी एकूण पाच लक्षणे निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ राहिली आणि त्यांमुळे कामधंदा अडू लागला, तर ते नैराश्य समजायचे. घरात कुणी गेले म्हणून होणारे दुःख हा आजार नव्हे. दुःखात माणूस रडतो, पण मधेच नातवाच्या बोलण्यावर हसतोही. नैराश्यात ते हसू हरवलेले असते.

आपल्याकडे हा आजार बहुधा शरीराच्या भाषेत बोलतो. मन खिन्न आहे असे सांगत दवाखान्यात येणारे थोडे. डोके जड आहे, छातीत धडधडते, हातापायांतली ताकद गेली, पाठ दुखते, झोपेची गोळी द्या, असे सांगत येणारे जास्त. मग ताकदीचे इंजेक्शन, सलाईन, दुखण्याची गोळी असा फेरा सुरू होतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

हा आजार दुर्मीळ आहे असेही नाही. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारची गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये होती. सुमारे पस्तीस हजार प्रौढांशी बोलून असे दिसले की, दर वीस प्रौढांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेले होते किंवा त्या वेळी होते. आता ही संख्या आपल्या गावाला लावून बघा. दोन हजार प्रौढांचे गाव असेल तर शंभर माणसे. त्याच पाहणीतला दुसरा आकडा अधिक बोचणारा आहे. नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे पंच्याऐंशी जणांना कोणताही उपचार मिळत नव्हता. पाय मोडलेल्या शंभरांपैकी पंच्याऐंशी माणसे घरीच पडून आहेत, असे कुणी सांगितले असते तर आपण गप्प बसलो असतो का?

शरीराचे दार

नैराश्याला एकच कारण नसते. काही घराण्यांत ते रक्ताच्या नात्यांतून चालत येते, काहींच्या बालपणी घाव बसलेले असतात, काहींवर कर्ज, मृत्यू किंवा अपमान कोसळलेला असतो. पण या सगळ्याखेरीज आपल्या शरीराच्या आणि रोजच्या राहणीच्या अनेक गोष्टी त्याला खतपाणी घालतात. तिथे आपला हात पोचू शकतो, म्हणून त्या नीट पाहू.

आधी शरीर. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली की माणूस सुस्त होतो, वजन वाढते, थंडी जास्त वाजते, मन मरगळते. बाहेरून पाहणाऱ्याला ते नैराश्यच वाटते. रक्तपांढरी, म्हणजे अंगात रक्त कमी असणे, याने थकवा येतो, धाप लागते, चिडचिड वाढते. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. घरात सगळ्यांना वाढून शेवटी उरलेले खाणाऱ्या बाईला आपण 'हिचं तोंड सदा पडलेलं' म्हणतो, तेव्हा तिच्या रक्तात हिमोग्लोबिन किती आहे हे कुणी विचारलेले नसते.

तिसरी गोष्ट ब-१२ जीवनसत्त्वाची. ते मुख्यतः दूध, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. पुण्यात ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यांतल्या दोन तृतीयांश पुरुषांत ब-१२ कमी निघाले. ते फार कमी झाले की हातापायांना मुंग्या येतात, विसरायला होते आणि मनही खचू शकते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब-१२ आणि साखर या चार तपासण्या रक्ताच्या आहेत. खचलेल्या माणसाला उपदेश करण्याआधी त्याला एकदा या तपासण्यांसाठी नेणे शहाणपणाचे.

दीर्घ आजारांचे आणि मनाचे नाते दुहेरी आहे. मधुमेह असलेल्या माणसांत नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा साधारण दुप्पट असते. आणि नैराश्य आले की माणूस पथ्य सोडतो, गोळ्या चुकवतो, चालणे थांबवतो, म्हणून साखर वाढते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे एकाला नैराश्य येते. पक्षाघात, जुनी सांधेदुखी, सततची कंबरदुखी यांचेही तसेच. बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत काही बायकांना नैराश्य येते. तेव्हा 'बाळ एवढं गोड आहे आणि हिला रडायला काय झालं' असे बोलणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. काही औषधांनीही मन उतरते. त्यामुळे डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.

दिवसाची घडी

आता राहणीकडे वळू. पहिली झोप. झोप न येणे हे नैराश्याचे लक्षण आहे हे सर्वांना ठाऊक असते, पण ते कारणही असू शकते. ज्यांना नैराश्य नाही पण झोपेचा जुना त्रास आहे, अशा माणसांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसले आहे. आमच्याकडच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की बॅटरी घेऊन दोन वाजता विहिरीवर जावे लागते आणि दिवसाही झोप मिळत नाही. शहरातल्या माणसाची रात्र मोबाईल खातो. कारण वेगळे, पण मेंदूच्या विश्रांतीची तूट सारखीच. उठण्याची वेळ शक्यतो एक ठेवणे, संध्याकाळनंतर चहा टाळणे, अंथरुणात फोन न नेणे हे साधे नियम आहेत. ते पाळूनही तीन-चार आठवडे झोप येत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. दुकानातून परस्पर गोळी आणू नये.

दुसरी दारू. 'टेन्शन आहे म्हणून घेतो' असे सांगणारे घरोघरी आहेत. पहिला तासभर दारू काळजी बधिर करते हे खरे. पण ती मेंदूला मंद करणारी वस्तू आहे. तिने मध्यरात्रीनंतरची झोप मोडते, सकाळी मन अधिक खचलेले असते, खिशातले पैसे गेलेले असतात आणि घरात भांडण झालेले असते. संध्याकाळी ते विसरण्यासाठी पुन्हा तीच बाटली. तंबाखू, मिश्री, गुटखा यांचेही असेच. तल्लफ भागली की बरे वाटते, म्हणून लोकांना वाटते की तंबाखूने मन शांत होते. खरे तर ती शांती तंबाखूनेच निर्माण केलेल्या तल्लफेची असते. सिगारेट सोडलेल्या माणसांचे मन काही आठवड्यांनी आधीपेक्षा स्वस्थ होते, असे अभ्यास सांगतात.

तिसरे अन्न. ऑस्ट्रेलियात २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नैराश्य असलेल्या ६७ माणसांचे दोन गट केले. एका गटाला बारा आठवडे आहारतज्ज्ञांनी भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे आणि ऑलिव्ह तेल असा आहार शिकवला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ नुसती गप्पागोष्टींची सोबत दिली. पहिल्या गटातले ३२ टक्के नैराश्यातून बाहेर आले, दुसऱ्यातले ८ टक्के. प्रयोग लहान होता, म्हणून त्यावर फार मोठा मजला चढवू नये. पण त्यातला मुद्दा आपल्या ओळखीचा आहे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक, हंगामात डाळिंब हे जेवण आपल्या माणदेशाला नवे नाही. नवी आहेत ती बिस्किटाचे पुडे, वेफर्स आणि थंड पेयांच्या बाटल्या.

चौथी हालचाल. २०२२ साली पंधरा मोठ्या अभ्यासांतली १ लाख ९० हजारांहून अधिक माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. आठवड्याला साधारण अडीच तास झपझप चालण्याइतका व्यायाम करणाऱ्यांत, काहीच न करणाऱ्यांपेक्षा नैराश्याचा धोका २५ टक्क्यांनी कमी दिसला. त्याच्या निम्म्याने, म्हणजे दिवसाला दहा-अकरा मिनिटे चालण्यानेही तो १८ टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे सर्वांत मोठा फायदा 'काहीच नाही' पासून 'थोडेसे' इथपर्यंत येण्यात आहे.

इथे कुणीही विचारील, आमचा शेतकरी आणि आमची मजूर बाई दिवसभर राबतात, मग त्यांना नैराश्य का यावे? प्रश्न रास्त आहे. संशोधकांनाही हे दिसले आहे की, मोकळ्या वेळेत आपल्या मर्जीने केलेल्या हालचालीचा जो फायदा दिसतो, तो पोटासाठी राबताना केलेल्या कष्टांत दिसत नाही. खुरपताना पाठ वाकलेली असते, मुकादमाची नजर असते, मजुरी किती मिळेल याचा घोर असतो. संध्याकाळी मैत्रिणीबरोबर देवळापर्यंत किंवा दर्ग्यापर्यंत गप्पा मारत चालत जाणे ही वेगळीच गोष्ट. पाय तेच असतात, पण त्या अर्ध्या तासाचा मालक वेगळा असतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्त्रियांत नैराश्य पुरुषांपेक्षा सुमारे दीडपट आढळते. त्याची कारणे शरीरातही आहेत आणि घरातही. दिवसाचा एक तासही स्वतःचा नसणे हे त्यातले एक असावे, असे मला वाटते.

पाचवी सोबत. माणदेशातली कितीतरी कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत, मुले पुण्या-मुंबईला गेली आहेत. मागे मोठ्या वाड्यात दोन म्हातारी माणसे आणि एक टीव्ही. एकटेपणाने नैराश्य येते आणि नैराश्य आलेला माणूस अधिक एकटा राहतो. फोनवर रोज 'जेवलात का' विचारणे चांगलेच, पण समोर बसून ऐकणाऱ्या माणसाची जागा फोन घेत नाही.

इतके सांगितल्यावर एक सावधगिरी बाळगायला हवी. राहणीचा आणि नैराश्याचा संबंध आहे याचा अर्थ असा नव्हे की, ज्याला नैराश्य आले त्याने आपल्या हाताने ते ओढवून घेतले. सांगोला तालुका पर्जन्यछायेतला. इथल्या शेतकऱ्याने खडकाळ माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या केल्या. मग आधी तेल्याने आणि पुढे खोडाला छिद्रे पाडणाऱ्या किडीने त्याच बागा बसवल्या. ज्याने कर्ज काढून लावलेली झाडे स्वतः उपटून बांधावर टाकली, त्याला 'रोज सकाळी फिरायला जा, मन प्रसन्न ठेव' एवढेच सांगणे ही थट्टा होईल. त्याला कर्जाची फेररचना, विम्याची भरपाई आणि पाणी यांचीही गरज आहे. पण भरपाई येईपर्यंत माणूस टिकायला हवा. त्यासाठीच हे बोलणे.

गोवा आणि अमरावती

मग करायचे काय? हे सांगण्यासाठी मला तुम्हाला आधी गोव्यात आणि मग विदर्भात न्यावे लागेल.

गोव्यात 'संगथ' नावाची संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता. रुग्ण लाखो आणि मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, मग उपचार पोचवायचे कसे? त्यांनी स्थानिक, मानसशास्त्राची पदवी नसलेली माणसे निवडली आणि त्यांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांना दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीचा उपचार थोडा सुधारून दिला. दुसऱ्याला त्याच्या जोडीला या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी दिल्या. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा नुसत्या उपचाराच्या गटात ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर समुपदेशकांच्या गटात ६४ टक्के. हे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

त्या सहा-आठ भेटींत असे काय होते? मनोविश्लेषणाची मोठी पोथी नव्हती. विचार एवढाच होता की, नैराश्य हे एक रहाटगाडगे आहे. मन खचले की माणूस कामे सोडतो, माणसे टाळतो. कामे सोडली की त्यातून मिळणारे छोटे समाधान बंद होते. समाधान बंद झाले की मन आणखी खचते. आपण सगळे त्या माणसाला सांगतो, 'आधी मन खंबीर कर, मग सगळं जमेल.' पण मन हे या गाडग्याचे असे टोक आहे की जे हाताने धरता येत नाही. हाताने धरता येते ते कृतीचे टोक. म्हणून तिथूनच सुरुवात करायची. बरे वाटेल तेव्हा उठू असे न म्हणता, थोडेसे उठले की थोडे बरे वाटेल या बाजूने गाडगे उलटे फिरवायचे.

समजा, एका बाईने दोन महिने अंगणाबाहेर पाऊल टाकलेले नाही. समुपदेशक तिला विचारतो, पूर्वी तुम्हाला काय आवडायचे? ती आठवून सांगते, शेवंतीची रोपे लावायला. मग पहिल्या आठवड्याचे काम एवढेच ठरते की, सकाळी एका कुंडीला पाणी घालायचे आणि ओट्यावर दहा मिनिटे उन्हात बसायचे. मन लागो वा न लागो. दुसऱ्या आठवड्यात शेजारणीकडे चहाला जाणे. तिसऱ्या आठवड्यात तिच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालणे. प्रत्येक दिवशी काय केले आणि त्यानंतर मनाला काय वाटले याची दोन शब्दांची नोंद. लिहिता येत नसेल तर चित्राची खूण. ज्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत, उदाहरणार्थ रेशनकार्ड किंवा सासूशी अबोला, त्या एकेक करून सोडवायला मदत. एवढेच. ऐकायला फार साधे वाटते, पण ते नेमाने, ठरवून आणि कुणाच्या तरी सोबतीने करायचे असते, तिथेच त्याचे बळ आहे.

दुसरी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांमुळे तिथे मनाच्या आरोग्याचा प्रश्न ऐरणीवर आला होता. गावातल्याच माणसांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून शिकवले गेले. ते घरोघर जाऊन बोलत, लक्षणे ओळखत, पहिला आधार देत. त्यांच्या पाठीशी समुपदेशक आणि त्यांच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ, अशी साखळी होती. प्रकल्पाच्या सुरुवातीला नैराश्य असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम चार कुठे तरी उपचाराला जात होती. दीड वर्षाने ती संख्या सत्तावीस झाली. सत्तावीस म्हणजे शंभर नव्हेत, हे खरे. पण चारांची सत्तावीस होण्यासाठी गावात मोठे रुग्णालय बांधावे लागले नाही. ओळखणारा डोळा आणि ऐकणारा कान गावातच तयार करावा लागला.

या दोन्ही प्रयोगांतून मला एकच गोष्ट दिसते. नैराश्यातून बाहेर येणे हे एकट्याच्या मनोधैर्याचे काम नाही आणि केवळ तज्ज्ञाचेही नाही. शेजारच्या माणसाला त्यात जागा आहे.

दवाखाना, देवऋषी आणि आपण

चालणे, झोप आणि सोबत यांनी सौम्य नैराश्य बऱ्याचदा उतरते. मध्यम आणि तीव्र नैराश्यात त्यांच्या जोडीला औषधे आणि समुपदेशन लागते. या गोळ्यांविषयी गैरसमज फार. या झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांची दारूसारखी नशाही चढत नाही. त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून त्या सोडू नयेत. बरे वाटू लागल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारणपणे निदान सहा महिने, त्या घ्याव्या लागतात. आणि बंद करताना त्यांच्याच सल्ल्याने हळूहळू बंद करायच्या.

आमच्या भागात असे माणूस आधी देवऋष्याकडे जाते, अंगारा घेते, दर्ग्यावर धागा बांधते. श्रद्धेने कुणाच्या मनाला धीर येत असेल तर तो हिसकावून घेण्याचा अधिकार मला नाही. दर्ग्यात किंवा देवळात घटकाभर शांत बसणे, चार माणसे भेटणे हे चांगलेच आहे. पण धाग्याने थायरॉइड मोजता येत नाही. दुवाही मागावी आणि दवाही घ्यावी, हे आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे या आजारालाही लागू आहे. मात्र कुणी मारहाण करून, साखळीला बांधून किंवा औषध बंद करायला लावून उपचाराचे नाव घेत असेल, तर ते थांबवायला हवे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. मानसिक आजारावर सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा त्याने नागरिकाचा हक्क ठरवला आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर तीव्र ताणाखाली असलेला माणूस म्हणून पाहावे, हेही त्याच कायद्याने सांगितले आहे.

सोलापूरला जाण्याआधी पहिला सल्ला घरबसल्या मिळू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. दिवसरात्र चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर गॅस एजन्सीच्या नंबराशेजारी लिहून ठेवावा.

एक गोष्ट अधिक गांभीर्याने सांगतो. खचलेले माणूस 'आता जगून काय करायचं' असे बोलू लागले, देणीघेणी अचानक आवरू लागले, प्रिय वस्तू वाटून टाकू लागले, तर ते नाटक समजू नका. 'जो बोलतो तो करत नाही' हा समज खोटा आहे. त्याला सरळ विचारा, 'मरणाचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. अशा माणसाला एकटे सोडू नका, धोक्याच्या वस्तू त्याच्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत न्या.

बाकी दिवसांसाठी आपल्याला करता येण्यासारखे काम फार अवघड नाही. तुमच्या गल्लीत असे एखादे माणूस असेलच. पारावर दिसेनासे झालेले, फोन न उचलणारे, लग्नकार्याला न येणारे. त्याच्याकडे जा. उपदेश करू नका, दुसऱ्याचे मोठे दुःख सांगून त्याचे दुःख लहान करू नका. थोडा वेळ बसा, तो बोलला तर ऐका, नाही बोलला तरी बसा. आणि निघताना 'मन खंबीर कर' म्हणण्याऐवजी एवढे म्हणा, 'उद्या संध्याकाळी पाच वाजता येतो, ओढ्यापर्यंत जाऊन येऊ. आणि सोमवारी रक्त तपासायला जाऊ, मी बरोबर आहे.' दुसऱ्या दिवशी तो नको म्हणेल. तरी पाच वाजता जा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)